स्कॅन्सोरियल म्हणजे नेमकं काय? झाडावर राहणारे आणि झाडावर चढणारे

रानवाट

आमच्या गावामागच्या देवराईत प्राण्यांचे माहितीफलक लावायचे ठरले आहेत आणि मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आहे. इंग्रजी संदर्भ चाळताना एक शब्द सारखा भेटतोय : स्कॅन्सोरियल. बिबट्याला हाच शब्द, अस्वलालाही हाच. शेकरूला मात्र आर्बोरियल. कोशात पाहिलं तर आर्बोरियल म्हणजे झाडावर राहणारा आणि स्कॅन्सोरियल म्हणजे चढणारा किंवा चढण्याजोगे अवयव असलेला, एवढंच मिळालं.

माझं मत असं की हा फरक फलकावर यायलाच हवा. बिबट्या झाडावर दिसला म्हणून तो शेकरूच्या पंगतीत बसत नाही. पण मराठीत शब्द कुठला वापरू? आणि हा स्कॅन्सोरियल मुळात आला कुठून? जाणकारांनी लिहावं. फलक शाळेतली मुलं वाचणार आहेत. घाई नाही, पण काम नीट व्हायला हवं.

झुळूक

छान विषय. वाचते आहे.

कातळकडा

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

खवल्या

प्राणिशास्त्र शिकवतो म्हणून लिहितो. आर्बोरियल हा पत्ता आहे, स्कॅन्सोरियल हे कसब आहे. शेकरूचं खाणं, झोपणं, घरटं, पिल्लं, सगळं झाडाच्या शेंड्याकडे चालतं. एका झाडावरून दुसऱ्यावर जायला ते खाली न उतरता उडी मारतं आणि ही उडी सहा मीटरपर्यंत जाऊ शकते. बिबट्याचा संसार जमिनीवर. झाड त्याला लागतं ते टेहळणीला, आरामाला, शिकार लपवायला किंवा जीव वाचवायला.

याच साच्यातले आणखी शब्द आहेत, ते एकत्र पाहिले की नीट कळतं. कर्सोरियल म्हणजे धावण्यासाठी घडलेला, साल्टेटोरियल म्हणजे उड्या मारणारा, फॉसोरियल म्हणजे उकरणारा, नॅटेटोरियल म्हणजे पोहणारा. सगळे लॅटिन क्रियापदांवरून आलेत. आर्बोरियल तेवढा नामावरून आला आहे : आर्बोर म्हणजे झाड. म्हणून तो राहण्याबद्दल बोलतो आणि बाकीचे करण्याबद्दल.

आजच्या अभ्यासात मात्र स्कॅन्सोरियलला एक मधली पायरी म्हणूनही वापरतात. पक्षी आणि सस्तन प्राण्यांचा एक मोठा माहितीसंच २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सस्तन प्राणी कुठे चरतात किंवा शिकार करतात त्यानुसार गट आहेत : जमीन, स्कॅन्सोरियल, आर्बोरियल, हवा आणि समुद्र. म्हणजे थोडा खाली, थोडा वर, तो स्कॅन्सोरियल. रानवाट यांना संदर्भात हा शब्द सारखा भेटतोय त्याचं कारण बहुधा हेच.

शब्दवेल्हाळ

व्युत्पत्तीचा भाग मी घेतो. लॅटिनमध्ये स्कान्देरे म्हणजे चढणे. त्याचं भूतकाळवाचक रूप स्कान्सुम, त्यावरून स्कान्सोरिउस आणि तिथून इंग्रजी स्कॅन्सोरियल. असेंड, डिसेंड, ट्रान्सेंड ही याच घरातली मुलं. शिडीला लॅटिनमध्ये स्काला म्हणतात, तोही याच क्रियापदापासून. संगीतातली स्केल आणि मॉलमधला एस्कलेटर त्या शिडीवरून आले.

आता आपल्याकडे या. संस्कृतात स्कन्द् असा धातू आहे : उसळणे, उडी घेणे, ठिबकणे, सांडणे. लॅटिन स्कान्द् आणि संस्कृत स्कन्द् एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत, हे भाषाशास्त्रात सर्वमान्य आहे. तिकडे अर्थ चढण्याकडे गेला, इकडे उसळण्याकडे. कार्तिकेयाचं स्कंद हे नाव याच धातूचं. मला या शब्दात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच की झाडावर चढणाऱ्या बिबट्याचं इंग्रजी विशेषण आणि आपल्या कार्तिकेयाचं नाव एकमेकांचे नातलग आहेत.

पागोळी

@शब्दवेल्हाळ, मग झाडाचा स्कंध पण यातलाच का? स्कंध म्हणजे खोडाचा फांद्या फुटतात तो भाग. आमच्याकडे फांदीला खांदी म्हणतात. स्कंधावर जो चढतो तो स्कॅन्सोरियल, किती सुंदर जुळतंय!

शब्दवेल्हाळ

जुळतंय खरं, पण हे दोन वेगळे शब्द आहेत. स्कन्द मध्ये द, स्कन्ध मध्ये ध. आपला खांदा आणि तुमची खांदी स्कन्ध वरून आले, माणसाचा खांदा तसाच झाडाचा. द आणि ध चा हा फरक संस्कृतात सहज ओलांडता येत नाही. फलकावर हे नातं लिहू नये, मुलांच्या डोक्यात कायमचं बसेल.

गुलबक्षी

स्कँडिनेव्हिया? तिथे सगळे चढत होते का? :)

उत्तरध्रुव

स्टॉकहोमहून उत्तर देतो :) तो नाही यातला. स्वीडनच्या दक्षिण टोकाला स्कोने नावाचा प्रांत आहे, त्या नावाच्या जुन्या जर्मानिक रूपावरून स्कँडिनेव्हिया आलं. ध्वनी सारखा, कूळ वेगळं.

स्कँडल मात्र नात्यातला असू शकतो. ग्रीकमध्ये स्कान्दालोन म्हणजे सापळ्याची ती काडी, जिला धक्का लागला की सापळा उसळून मिटतो. उसळणं हा अर्थ तिथे स्पष्ट दिसतो आणि बरेच अभ्यासक त्याला याच मुळाशी जोडतात.

अनुष्टुभ

आणि स्कॅन! तोही यातलाच. कवितेची लय मोजताना रोमन लोक पाय उचलून खाली टेकवत, म्हणून पद्य मोजण्याला स्कान्देरे म्हणू लागले. इंग्रजीत स्कॅन आधी वृत्त तपासण्यासाठी वापरत, पुढे बारकाईने पाहणे हा अर्थ आला आणि शेवटी ते यंत्र आलं. आपल्या छंदशास्त्रात श्लोकाच्या चौथ्या भागाला चरण किंवा पाद म्हणतात. पायाने कविता मोजायची कल्पना दोन्हीकडे सुचली, याचा मला फार आनंद होतो. भुजंगप्रयात शिकवताना मी मुलांना अजूनही पायानेच ताल धरायला लावतो.

रानवाट

एका दिवसात एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. @खवल्या, पत्ता आणि कसब हे फार उपयोगी पडेल. पक्ष्यांनाही स्कॅन्सोरियल म्हणतात का? आमच्याकडे सुतार पक्षी भरपूर आहेत.

खवल्या

म्हणतात, आणि पक्ष्यांच्या वर्गीकरणात या शब्दाला एके काळी मोठा मान होता. योहान कार्ल विल्हेल्म इलिगर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८११ साली पक्ष्यांचा एक गणच स्कॅन्सोरेस, म्हणजे चढणारे, असा केला. ज्यांची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात ते त्यात घातले. सुतार पक्षी, पोपट, कोकिळा सगळे एकत्र. पुढे लक्षात आलं की पायाची ठेवण सारखी असली तरी ही कुळं एकमेकांची सख्खी नाहीत, आणि तो गण मोडीत निघाला. पायाच्या वर्णनात विशेषण तेवढं उरलं.

तुमच्या फलकावर सुतार पक्ष्याची शेपूट जरूर दाखवा. तिची पिसं ताठ आणि टणक असतात. दोन पाय आणि शेपूट अशी तिवई करून तो उभ्या खोडावर बसतो. शिलींध्री हा छोटा पक्षी सह्याद्रीत दिसतो, तो शेपटीचा आधार घेत नाही, त्यामुळे खोडावर डोकं खाली करूनही चालतो. सुतार असा उलटा चालताना सहसा दिसणार नाही.

जाता जाता : चीनमध्ये सापडलेल्या एका चिमणीएवढ्या डायनोसॉरला २००२ साली स्कॅन्सोरिऑप्टेरिक्स असं नाव दिलं गेलं. म्हणजे चढणारा पंख. हाताचं तिसरं बोट लांबच लांब.

मनीची_आई

मग मांजर काय म्हणायचं? आमची मनी आंब्यावर सरसर चढते आणि वर गेल्यावर अख्खी आळी गोळा होईपर्यंत ओरडते. अर्धं कसब!

खवल्या

मनीचा दोष नाही :) मांजराच्या नख्या मागे वळलेल्या असतात. चढताना त्या सालीत रुततात, डोकं खाली करून उतरताना मात्र धरत नाहीत. तिला शेपटीकडून, मागे मागे सरकत उतरावं लागतं आणि ते पुष्कळ मांजरांना जमत नाही. खारीचं वेगळं आहे. तिचा मागचा पाय घोट्यात पूर्ण उलटा फिरतो, त्यामुळे डोकं खाली असतानाही मागच्या नख्या वर अडकलेल्या राहतात. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत मार्गे नावाचं रानमांजर आहे, त्याचे घोटेही असेच फिरतात. चढणं बऱ्याच जणांना येतं. उतरण्याची सोय शरीरात आहे का, हे पाहिलं की झाडाशी प्राण्याचं नातं किती जवळचं ते कळतं.

उसाचा_मळा

जुन्नर भागातला आहे. बिबट्याबद्दल आम्हाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. आमच्याकडचा बिबट्या उसात जन्मतो, उसात वाढतो. झाडावर तो मी एकदाच पाहिला, मागे कुत्री लागली होती तेव्हा बांधावरच्या चिंचेवर. शिकार झाडावर टांगून ठेवतो असं दूरचित्रवाणीवर दाखवतात, ते इथे पाहिलं नाही. तेव्हा फलकावर "बिबट्या झाडावर राहतो" असं कृपा करून लिहू नका. मुलं झाडाकडे बघत चालतील आणि धोका बाजूच्या उसात असेल.

खवल्या

@उसाचा_मळा, हा प्रतिसाद फलकावर जसाच्या तसा लावावा असा आहे. आफ्रिकेत सिंह आणि तरस शिकार हिसकावतात, म्हणून तिथला बिबट्या ती ओढून फांदीवर नेतो. तुमच्या उसात त्याच्यापेक्षा मोठा कुणी नाही, मग कशाला वर नेईल? कसब अंगात असतं, वापर गरजेनुसार होतो.

हुगळीकाठ

कोलकात्यात बरीच वर्षं काढली, म्हणून इथल्या माशाची गोष्ट सांगते. बंगालमध्ये कोई नावाचा मासा आवडीने खातात. बाजारात पाण्याबाहेर काढून ठेवला तरी बराच वेळ जिवंत राहतो, कारण हवेतून श्वास घ्यायला त्याच्या डोक्यात वेगळं इंद्रिय असतं. कल्ल्यांच्या झाकणांवर काटे असतात, ते जमिनीत रोवून तो सरपटत एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातो.

तर डाल्डोर्फ नावाचा एक डॅनिश लष्करी अधिकारी तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला होता, तेव्हा तिथे डॅनिश वसाहत होती. त्याला १७९१ साली हा मासा तळ्याकाठच्या ताडाच्या खोडावर, पाण्यापासून पाचेक फूट उंच सापडला. लंडनच्या लिनियन सोसायटीकडे गेलेली त्याची हकिगत १७९७ साली छापली गेली आणि त्याने माशाला नाव दिलं पेर्का स्कॅन्डन्स. शब्दवेल्हाळ, पाहा, तुमचं स्कान्देरे! आज तो अनाबास म्हणून ओळखला जातो, हे नावही ग्रीकमधल्या वर चढण्यावरूनच आलं. झाडावर चढणं ही या माशाची नेहमीची सवय नाही असं आता मानतात, पण इंग्रजीत तो अजूनही चढणारा मासा म्हणूनच ओळखला जातो.

झुळूक

मासा!! हा धागा वाचनखुणेत.

पागोळी

स्कॅन्डन्स वरून आठवलं. कोकणात गारंबीचा प्रचंड वेल असतो, शेंगा मीटरभर लांब. तिचं जुनं शास्त्रीय नाव एन्टाडा स्कॅन्डन्स. म्हणजे वेलीही या शब्दात आल्या. देवराईत गारंबी असेल तर एकाच फलकावर वेल आणि प्राणी दोन्ही दाखवता येतील.

कातळकडा

रुमाल ठेवला होता, आता बसतो. चढण्याचा विषय निघाला आणि अजून कुणी घोरपडीचं नाव घेतलं नाही! पोवाड्यातली यशवंती घोरपड सगळ्यांना माहीत आहे : कमरेला दोर बांधून कड्यावर सोडली आणि मावळे सिंहगड चढले. घोरपड स्कॅन्सोरियल आहेच. लहान घोरपडी तर झाडावर बराच वेळ काढतात. पण १६७० च्या त्या रात्रीबद्दल सभासद बखरीत घोरपड कुठेही नाही. तिथे दोन निवडक मावळे वानरासारखे कडा चढून गेले आणि त्यांनी वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली असं आहे. मला हे वर्णन पोवाड्यापेक्षाही थोर वाटतं. अंधारात, कातळावर, स्वतःच्या हातापायांवर चढलेली माणसं. ते श्रेय घोरपडीला देऊ नये.

सोनकी

असहमत. पोवाडा इतिहास सांगायला लिहिलेला नाही, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणायला लिहिलेला आहे. यशवंती आमच्या आजीच्या तोंडी होती, ती तशीच राहू द्या. फलकावर घोरपड असेल तर मुलं पहिला प्रश्न यशवंतीचाच विचारणार.

कातळकडा

@सोनकी, मुलांना गोष्ट सांगावीच, मी दोन्ही सांगतो. माझं म्हणणं एवढंच की त्या दोन मावळ्यांचीही सांगावी.

माडाखाली

माणसांचा विषय निघालाच आहे तर गोव्याचंही ऐका. आमच्याकडे नारळ पाडणारा तो पाडेली आणि सूर, म्हणजे माडाची ताडी, काढणारा तो रेंदेर. रेंदेर एकाच माडावर दिवसातून अनेकदा चढतो, म्हणून खोडाला खाचा करून पायऱ्या केलेल्या असतात. आता या कामाला माणूस मिळणं अवघड झालंय, पाडेली येईपर्यंत नारळ वाळून आपोआप पडतात. हे कसब संपत चाललंय याचं मला मनापासून वाईट वाटतं. कुणाकडे जुने फोटो असतील तर इथे द्या.

रानवाट

@माडाखाली, यावर वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन. इथे मूळ प्रश्नाकडे येऊ. मराठी शब्दांचं काय?

वैद्यबुवा

मी याचीच वाट पाहत होतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, शेहेचाळिसाव्या अध्यायात, मांसाच्या गुणांसाठी प्राण्यांचे गट केले आहेत. जांगल प्राण्यांचे आठ प्रकार : जंघाल, विष्किर, प्रतुद, गुहाशय, प्रसह, पर्णमृग, बिलेशय आणि ग्राम्य. यातला पर्णमृग हा गट पाहा. वानर त्यात आहे, वृक्षशायिका त्यात आहे, म्हणजे नावातच झाडावर झोपणारी. आता द्वीपी, म्हणजे बिबट्या, कुठे आहे? गुहाशयांत, म्हणजे गुहेत राहणाऱ्यांत! सिंह, वाघ, लांडगा, अस्वल, मांजर यांच्याबरोबर. बिबट्या आणि अस्वल झाडावर चढतात हे रानाशी संबंध असलेल्या त्या लोकांना ठाऊक नसेल हे शक्य नाही. तरी त्यांनी चढण्यावरून गट केला नाही, निवाऱ्यावरून केला. रानवाट यांना फलकावर जो फरक दाखवायचा आहे तो इतका जुना आहे.

शब्दवेल्हाळ

वा, वैद्यबुवा! हा संदर्भ मला नवा आहे, आणि या धाग्यातला सर्वांत मोलाचा. आर्बोरियलला पर्णमृग किंवा सरळ वृक्षवासी. स्कॅन्सोरियलला आरोही. वनस्पतिशास्त्रात आरोही वेल हा शब्द मराठीत रुळलेला आहेच, तोच प्राण्यांना लावू. वृक्षारोही म्हटलं तर आणखी स्पष्ट.

चौथी_ब

प्राथमिक शाळेत शिकवते. वृक्षारोही वाचल्यावर माझ्या वर्गातली मुलं वृक्षारोपण वाचतील, दरवर्षी जुलैत तोच शब्द फळ्यावर असतो. मुलांसाठी झाडावर राहणारे आणि झाडावर चढणारे एवढंच मोठ्या अक्षरात लिहा. पारिभाषिक शब्द खाली लहान अक्षरात द्या.

शब्दवेल्हाळ

लहान अक्षरात का? मुलं डायनोसॉरची एवढाली नावं पाठ करतात. आरोही त्यांना का जड जाईल? शब्द समोर आलाच नाही तर तो वापरात येणार कधी?

चौथी_ब

डायनोसॉरला चित्र असतं आणि गोष्ट असते. आरोहीलाही ते द्या, मग माझी हरकत नाही.

खवल्या

गोष्ट मी देतो. अस्वलाची. आपलं अस्वल मधासाठी, फळांसाठी झाडावर चढतं, लांब नख्यांनी. पण संकट आलं की ते पिल्लांना झाडावर पाठवत नाही. अमेरिकेतलं काळं अस्वल पिल्लांना झाडावर चढवतं. आपल्या जंगलात मागे लागणारा बिबट्या स्वतःच चढतो, मग झाडाचा काय उपयोग? म्हणून आपल्याकडची अस्वलीण पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते, आणि त्याचं कारण हेच असावं असं अभ्यासक मानतात. बिबट्या आरोही आहे, याचा परिणाम अस्वलाच्या आईपणावर झाला. चित्र काढायलाही सोपं : पाठीवरच्या दाट केसांना धरून बसलेली दोन पिल्लं.

चौथी_ब

हे चालेल. हे फारच चालेल.

रानवाट

सर्वांचे आभार. फलकाचा पहिला खर्डा देतो, सूचना कराव्यात.

"झाडावर राहणारे (वृक्षवासी) : शेकरू. महाराष्ट्राचा राज्यप्राणी. झाडावरच खातं, झाडावरच झोपतं, झाडावरच पिल्लं वाढवतं. जमिनीवर कधीही उतरत नाही.

झाडावर चढणारे (आरोही) : बिबट्या, अस्वल, घोरपड. यांचं घर जमिनीवर. गरज पडली की झाड चढतात. आपल्या अस्वलाची आई पिल्लांना पाठीवर का घेते, माहीत आहे? मागचा फलक वाचा."

सुतार पक्ष्याचा आणि गारंबीचा फलक वेगळा करतो. यशवंती आणि ते दोन मावळे घोरपडीच्या फलकावर दोघेही येतील.

खवल्या

उत्तम. एकच बदल : शेकरूबद्दल "कधीही उतरत नाही" च्या जागी "क्वचितच उतरतं" करा. फांद्यांची सलगता तुटली की त्याला जमिनीवरून जावं लागतं, आणि तेव्हाच ते सर्वांत जास्त धोक्यात असतं. देवराईतून रस्ता गेला असेल तर हे वाक्य फलकावर हवंच.

रानवाट

रस्ता गेला आहे. वाक्य घातलं.

उसाचा_मळा

आणि बिबट्याच्या खाली "संध्याकाळनंतर उसाच्या कडेने एकटं फिरू नका" हेही घाला.